गंजलेले टर्मिनल आणि अभावाचे कारणत्व

मोटारीची बॅटरी भरलेली असते, सेल्फची मोटर धडधाकट असते, केबल कुठे तुटलेली नसते. तरीही किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू येते. बॉनेट उघडावे तर टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढलेला असतो. तो खरवडून काढला आणि क्लॅम्प घट्ट बसवला की पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते. या दुरुस्तीत बॅटरीत काही भरले गेले नाही, मोटरीत काही बदलले नाही. एक नको असलेली वस्तू तेवढी नाहीशी झाली. मग गाडी सुरू होण्याच्या कारणांत त्या नसण्याचीही गणना करायची का? अभाव हा कशाचे कारण होऊ शकतो का, या प्रश्नावर भारतीय दर्शनांतील मीमांसक आणि नैयायिक यांचा दीर्घ वाद झाला.

त्यांचे उदाहरण अग्नीचे होते. चंद्रकांत मणी जवळ ठेवला तर अग्नी जाळत नाही, अशी समजूत परंपरेत होती. मणी खरोखर तसे करतो की नाही, यावर वादाचे मोल अवलंबून नाही. मीमांसक म्हणतात: मणी येण्यापूर्वीचा अग्नी तोच आहे, इंधन तेच आहे, दोघांचा संयोगही तसाच आहे. दिसणारी सगळी कारणे हजर असून दाह होत नाही, त्या अर्थी अग्नीत न दिसणारे असे काही होते आणि ते नष्ट झाले. ती शक्ती. मणी हलवला की ती पुन्हा उत्पन्न होते. म्हणून पदार्थांच्या यादीत तिला स्वतंत्र जागा द्यावी लागते.

नैयायिकांना हे मान्य नाही. दिसणारी कारणे सगळी हजर आहेत, हे गृहीतकच त्यांना चुकीचे वाटते. मण्याचा अभाव हेही दाहाचे एक कारण होते आणि आता ते उरलेले नाही, एवढ्यावर सगळा उलगडा होतो. मणी जितक्या वेळा आणावा आणि न्यावा तितक्या वेळा शक्तीचा नाश आणि तिची उत्पत्ती मानत बसणे हा गौरवदोष, म्हणजे गरजेपेक्षा जास्त मानण्याचा दोष आहे. सतराव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त सात पदार्थ सांगून होताच हा शक्तीचा आक्षेप येतो, यावरून त्याचे वजन कळावे. तिथे आणखी एक अडचणही सोडवली आहे. मणी जवळ असतानाच ‘उत्तेजक’, म्हणजे मण्याचा अडथळा निष्फळ करणारी वस्तू, आणला तर दाह होतो. तेव्हा नुसता मण्याचा अभाव नव्हे, तर उत्तेजक सोबत नसलेल्या मण्याचा अभाव हे कारण मानायचे. गंजलेल्या टर्मिनलचा थर तसाच ठेवून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जंपर केबल थेट क्लॅम्पच्या धातूला लावली तरी सेल्फ फिरतो. थर हजर आहे आणि कार्यही होते, अशी ही स्थिती.

बॅटरीच्या बाबतीत मीमांसकांचे म्हणणे तपासून पाहता येते. पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन खुंटांवर, काही चालू नसताना, मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. थर काढण्यापूर्वी तेवढेच, काढल्यानंतरही तेवढेच. बॅटरीला जर शक्ती म्हणून काही असेल तर ते हेच, आणि थरामुळे ते नष्ट झालेले नाही. याउलट रात्रभर दिवे चालू राहून बॅटरी उतरली तर हा आकडा खरोखर खाली येतो आणि टर्मिनल कितीही घासले तरी उपयोग होत नाही. शक्ती गेली असे म्हणणे दुसऱ्या प्रसंगी योग्य आहे. पहिल्या प्रसंगीही तेच म्हटले तर दोन वेगळे दोष एक होऊन बसतात, आणि चांगली बॅटरी बदलण्याचा खर्च गाडीवाल्याच्या माथी येतो. इथे नैयायिकांची बाजू निःसंशय बळकट आहे.

तरी एक आक्षेप टिकतो. प्रतिबंधक कशाला म्हणायचे? ज्याचा अभाव कारण असतो त्याला. आणि कोणता अभाव कारण असतो? प्रतिबंधकाचा. हा अन्योन्याश्रय झाला. दहाव्या-अकराव्या शतकातील मिथिलेचे उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त त्यातून वाट काढतात. कारणसामग्री अपुरी पडणे हा प्रतिबंध, आणि ती अपुरी पाडणारा तो प्रतिबंधक, अशी व्याख्या ते करतात. अभावाला कार्य मानायला कुणाची हरकत नसते, कारण घडा फुटतो म्हणजे काठीने त्याचा अभावच घडवलेला असतो. मग अभावाला कारण मानायला हरकत का असावी, असेही ते विचारतात.

उदयनांची व्याख्या टर्मिनलला लावली की विषय खरा उघडतो. क्लॅम्प सैल असेल तर मध्ये कुठली वस्तू आलेली नसते. संयोगच पुरेसा नसतो. न्यायाला जवळच्या वैशेषिक दर्शनाच्या मते संयोग हा अव्याप्यवृत्ती गुण आहे: वानर फांदीवर बसले म्हणून झाडाच्या मुळाशी त्याचा संयोग नसतो. धातूचे दोन पृष्ठभागही वरून सपाट दिसले तरी मोजक्या बिंदूंवरच टेकतात. नट आवळला की ते बिंदू वाढतात. थराची गोष्ट निराळी. आम्लाच्या वाफेने शिशावर आणि केबलच्या तांब्यावर तयार झालेली सल्फेटे धातू आणि धातूच्या मध्ये बसतात, आणि नट कितीही आवळला तरी ती तिथेच राहतात. मात्र या थराचे कामही अखेर संयोग घालवणे एवढेच आहे. मणी अग्नी आणि इंधन यांचा संयोग तोडत नाही, थर तोडतो. म्हणून इथे अभावाला कारण न मानता संयोग हे भावरूप कारण नाहीसे झाले, एवढेच म्हटले तरी भागते. थर प्रतिबंधक ठरतो तो उदयनांच्या अर्थाने, सामग्री अपुरी पाडणारा म्हणून.

अभावाची भाषा आणखी एका ठिकाणी तोकडी पडते. सांध्यात ०.०२ ओहम रोध आला असे धरावे. हेडलाइट सुमारे १० अँपिअर ओढतात, तिथे ०.२ व्होल्टची घट होते आणि दिवे नीट लागतात. सेल्फ १५० अँपिअर ओढू पाहतो, तिथे ३ व्होल्ट सांध्यातच खर्च होतात. एकच थर एका कार्याला अडवत नाही आणि दुसऱ्याला अडवतो. कार्यागणिक प्रतिबंधक वेगळा मानून नैयायिक याला उत्तर देऊ शकतात. पण अभाव असतो किंवा नसतो, कमी-जास्त नसतो. कमी-जास्तपणा संयोगाच्या बाजूने समजावून घेणेच अधिक सरळ. सेल्फ मारताना मीटरची एक टोचणी खुंटावर आणि दुसरी क्लॅम्पवर धरली की ही घट थेट वाचता येते. थर काढण्याआधीच तो दोषी आहे हे ठरते, आणि अन्योन्याश्रयाचे कारण उरत नाही.

दुरुस्तीत आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढतात आणि शेवटी तोच लावतात. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. खायच्या सोड्याचे पाणी थरातले आम्ल मारते. ते सेलमध्ये जाऊ द्यायचे नसते. मग वायर ब्रश, कोरडे पुसणे, आवळणे. नव्या टर्मिनलवर थराचा प्रागभाव (उत्पत्तीपूर्वीचा अभाव) असतो, घासलेल्यावर ध्वंस (नाशानंतरचा अभाव). कार्याला दोन्ही सारखेच चालतात, म्हणून कारण मानायचेच तर सर्वसाधारण संसर्गाभाव, म्हणजे थर तिथे नसणे एवढेच, मानावा लागतो. ध्वंस झालेला थर परत येत नाही, येतो तो दुसरा. आवळलेल्या क्लॅम्पवर वरून व्हॅसलिन लावतात ते त्या दुसऱ्याचा प्रागभाव लांबवण्यासाठी.