वाट पाहण्याचा हक्क

सफेद मुसळीचे वर्ष चार महिन्यांचे असते. मेळघाटात मृगाचे पाणी पडले की सागाच्या कुजक्या पाल्यातून तिची पाती वर येतात. आषाढ-श्रावणात मधल्या दांड्यावर पांढरी फुले खालून वर अशी क्रमाने उमलतात. एकेक फूल एका दिवसापुरते. भाद्रपदात तिधारी बोंडे धरतात, त्यांत कांद्याच्या बियांसारखे काळे बी. दसऱ्याच्या सुमारास पाने पिवळी पडून जमिनीला टेकतात आणि दिवाळीनंतर तिथे काही होते याची खूणही राहत नाही. उरलेले आठ महिने ती मातीखाली, मुळ्यांच्या झुपक्यात काढते. वरून वणवा जातो, गुरे जातात, वैशाखात जमीन भाजून निघते. तिला फारसे काही होत नाही.

इतकी चिवट वनस्पती विरळ का झाली, याचे उत्तर त्या मुळ्यांतच आहे. सोलून वाळवलेल्या पांढऱ्या मुळीला ‘शक्तिवर्धक’ म्हणून देशभर गिऱ्हाईक आहे. तिच्या गुणांबद्दलचे प्रयोग उंदरांवर पुष्कळ झाले, माणसांवर थोडे. पण बाजार प्रयोगांच्या निकालासाठी थांबत नाही. बाजाराला मुसळी कोणती याचीही फारशी फिकीर नसते. उत्तर भारतात याच नावाने शतावरीच्या एका जातभाईची मुळी विकली जाते आणि आपल्याकडेही मुसळीच्या दोन-चार भाऊबंदांच्या मुळ्या एकाच पोत्यात जातात.

शास्त्राने तिची नोंद फार उशिरा घेतली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बोरिवलीच्या जंगलावरून तिला ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ हे नाव दिले. ती मूळची फक्त भारतातली. सह्याद्री, सातपुडा, अरवली अशा पश्चिम आणि मध्य भारतातल्या डोंगरांच्या रानांतली. असे क्षेत्र ऐकायला मोठे वाटते. प्रत्यक्षात तिची वस्ती सलग नसते, तुकड्यातुकड्यांची असते. या उताराला आहे, पलीकडच्या उताराला नाही. एक तुकडा खणून संपला तर शेजारून बी येऊन तो पुन्हा भरेल, याची खात्री नाही. कारण तिचे बी मुळात कमीच रुजते.

आता खरी अडचण. मुळी पक्की होते ती पाने वाळल्यावर. मुसळीची लागवड करणारा शेतकरी पाने गळाल्यानंतरही मुळ्या काही महिने जमिनीतच ठेवतो आणि साल तपकिरी झाल्यावर खणतो. त्याला वाफा कुठे आहे ते ठाऊक असते आणि त्या वाफ्यात दुसरा कोणी कुदळ घालणार नाही, हेही ठाऊक असते. जंगलात खणणाऱ्याला यातले काहीच नाही. पाने गेली की झाड सापडत नाही. शिवाय आपण थांबलो तर परवा दुसरा येऊन नेणार. म्हणून तो पाने हिरवी असतानाच, श्रावण-भाद्रपदात, बी गळायच्या आधी खणतो. मुळी कोवळी असते, वाळल्यावर वजन घटते, भाव कमी येतो. तो तोटा भरून काढायला आणखी झाडे उपटावी लागतात. झाडही जाते आणि त्याचे बीही.

याला अडाणीपणा म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. मग ‘जनजागृती’ची शिबिरे होतात आणि ज्याला मुसळीचे सारे आयुष्य तोंडपाठ आहे अशा मेळघाटातल्या कोरकू आदिवासी माणसाला मुसळी कधी खणावी हे शिकवले जाते. त्याला ते माहीत असते. जे सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नाही, तिथे वाट पाहणारा हरतो, हेही त्याला माहीत असते.

लागवड वाढली की जंगलावरचा ताण उतरेल, असा दुसरा युक्तिवाद असतो. वऱ्हाडात तो पडताळून पाहता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी अंजनगाव सुर्जी, अकोट या पट्ट्यातले बारी समाजाचे शेतकरी पानमळ्यांचे आणि पानपिंपळीचे जुने जाणकार. मुसळीही त्यांच्या हातची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानातही अशा वनस्पतींवर काम चालते. म्हणजे ज्ञान होते, हात होते. पण शतक बदलताना मुसळीची जी लाट देशभर आली, ती औषधाच्या मागणीपेक्षा बियाण्याच्या मागणीवर उभी होती. शेतकरी बियाण्याच्या मुळ्या दुसऱ्या शेतकऱ्याला विकत होता, दुसरा तिसऱ्याला. सगळ्यांकडे बियाणे झाल्यावर घेणारा कोण? भाव कोसळले, परतखरेदीची आश्वासने हवेत विरली. शिवाय या लागवडीचे पहिले बियाणे बरेचसे जंगलातूनच आले होते.

भाव पडला की शेतकरी मुसळी सोडून हरभऱ्याकडे वळतो. जंगलातल्या मुळीला मात्र बियाण्याचा खर्च नाही, खताचा नाही, मजुरी तेवढी. त्यामुळे पडेल भावातही ती खणणे परवडते. भाव चढला तर शेत आणि जंगल दोन्हीकडे कुदळी चालतात. लागवडीला माझा विरोध नाही, पण तिला संवर्धन म्हणू नये.

उरतो तिसरा मार्ग, जंगल बंद करण्याचा. मेळघाटात व्याघ्र प्रकल्प १९७४ पासून आहे आणि त्याच्या गाभ्यात वाघाच्या आडोशाने पुष्कळ झाडाझुडपांना आसरा मिळाला, हे मान्यच करायला हवे. पण मुसळी गाभ्याबाहेरही उगवते आणि तिथे वाघाचा आडोसा पातळ होतो. कायद्याच्या नजरेतही ती सुरुवातीला नव्हती. वन्यजीव संरक्षण कायद्याला १९९१ मध्ये वनस्पतींची यादी पहिल्यांदा जोडली गेली, तेव्हा तिच्यात सहाच नोंदी होत्या आणि त्यांतली एकही सातपुड्यातली नव्हती. शिवाय जंगल बंद करताना बोरी, कोहा, कुंड ही गावे २००१ नंतर डोंगरातून उठून अकोट तालुक्यात आली. कोणत्या नाल्याच्या कोणत्या काठाला मुसळी आहे हे सांगू शकणारी माणसे आता कपाशीच्या मुलखात राहतात. पुनर्वसन योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे, तो इथे काढत नाही. एवढेच की ती माहितीही त्या माणसांबरोबर जंगलाबाहेर गेली.

माझे म्हणणे असे की मुसळी वाचवायची तर कोणाला तरी वाट पाहण्याचा हक्क द्यावा लागेल. तो कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळे आणि कंद स्पष्टपणे धरले आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे दिले. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या कोरकू गावाला २०१२ मध्ये असे हक्क मिळाले. उजाड टेकडी गावाने राखली, तिथली सीताफळे स्वतः विकली, २०१४ मध्ये त्या कामाला जैवविविधता पुरस्कारही मिळाला. पायविहीरने मुसळी राखली असे मी म्हणत नाही. आपण राखलेले आपल्यालाच मिळेल असा भरवसा आला की माणसे थांबतात, एवढे त्या गावाने दाखवले. मुसळीपुरते थांबणे फार अवघड नाही. श्रावणात पाने दिसताना खुंट्या ठोकून ठेवायच्या, खणायचे दिवाळीनंतर, एक नाला दोन-तीन वर्षांतून एकदाच. आणि खणताना वरच्या खोडाचा तुकडा चिकटलेल्या एक-दोन मुळ्या तिथेच पुन्हा पुरायच्या, कारण त्या तुकड्याशिवाय मुळी फुटत नाही.

पण हक्क कागदावर आला तरी पोट थांबत नाही. मुसळीची पाने हिरवी असतात तेच मेळघाटातल्या घरांचे सर्वांत रिते महिने. घरातले धान्य संपत आलेले, नवे अजून शेतात. कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात धारणी-चिखलदऱ्याहून येतात त्या याच दिवसांत. तेव्हा रोख पैसे मोजणाऱ्याला नाही कोण म्हणणार? दिवाळीनंतरच्या चांगल्या भावाची गोष्ट भरल्या घरात सांगायची असते.

म्हणून ग्रामसभेच्या हाती खुंट्यांबरोबर उचल द्यायला पैसेही हवेत. गोंदिया-गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी २०१३ पासून तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करून दाखवला; मालाचा व्यवहार गावाला झेपत नाही ही सबब आता चालणार नाही. आणि पावसाळ्यात आदिवासी कुटुंबाला आधार म्हणून खावटीची योजना महाराष्ट्रात १९७८ मध्ये सुरू झाली, आधी कर्ज म्हणून, २०२० मध्ये अनुदान म्हणून, चार हजार रुपये, अर्धे रोख, अर्धे सामान. हीच खावटी उभ्या मुसळीवरची उचल म्हणून ग्रामसभेमार्फत श्रावणातच दिली, तर खणणाऱ्याला दोन-तीन महिने थांबता येईल. तीच दिवाळीनंतर हाती पडली, तर तोवर मुळी उपटून, सोलून बाजारात गेलेली असेल.