तिघांची आई

चिंचवडच्या चापेकर चौकातून सकाळी पहिल्या पाळीच्या बसगाड्या निघतात. चौकातल्या चापेकर बंधूंच्या पुतळ्यांना आपली नजर सरावलीय. आज मला आठवते ती त्यांची आई.

घर कीर्तनकाराचं. वडील हरिभाऊ कीर्तनाला उभे राहत, मुलं साथीला. पुण्यात प्लेगच्या झडत्यांमधल्या जुलमाचा सूड म्हणून 22 जून 1897 च्या रात्री या भावांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. 18 एप्रिल 1898 ला दामोदरपंत येरवड्यात फाशी गेले, तिशीही न गाठता. पुढच्या वर्षी 8 मे ला वासुदेव, 12 मे ला बाळकृष्ण. चार दिवसांत दोन मुलं! शाळेत आपण या तारखा पाठ केल्या. त्या माऊलीनं त्या सोसल्या. घरात तरुण सुना होत्या. त्यांच्यासमोर तिला रडता तरी आलं असेल का?

तिच्याविषयी आपल्याकडे फार थोडं लिहिलं गेलं, याची मला मनापासून खंत वाटते.

आणि आजही तेच चाललंय. पहाटे उठून मुलाचा डबा भरणारी, सून कामावर गेली की नातवाचं सगळं करणारी आजी या शहरात घरोघरी आहे. सातारा, लातूर, बीडकडून नवऱ्यामागं इथं आली, पत्र्याच्या खोलीत संसार थाटला. तिची गोष्ट कुणी विचारत नाही.

आज संध्याकाळी वही घेऊन आजीजवळ बसा. तिचं माहेरचं नाव, गाव, सगळं तिच्याच शब्दांत लिहून घ्या.