लिहून देणार

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. घर पाहावे विकत घेऊन, असे मात्र त्यांनी कोठे म्हटलेले नाही. कारण उघड आहे. घर बांधायचे असे, नाहीतर वडिलांकडून यायचे. दुसऱ्याचे राहते घर पैसे मोजून घेणे म्हणजे कोणाच्या तरी पडत्या काळात हात घालणे, असा एक संकोच असे. आता तो राहिलेला नाही, आणि राहावा असेही मी म्हणणार नाही. माणसे गाव सोडतात, घरे ओस पडतात; ओस घरात कोणी दिवा लावला तर त्यात वाईट काय? परंतु किंमत मोजली, कागद झाला, की घराचे सगळे देणे फिटले काय, हा प्रश्न उरतोच. दिवाळीच्या दिवसांत तो काढणे कोणाला अप्रस्तुत वाटेल. मला वाटत नाही. त्याचे एक टोक भाऊबीजेच्या ताटापाशी आहे.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आज हॉलंडात असतो. आइंडहोवनजवळ नोकरी, बायको, लहान मुलगी. तिकडच्या एका निवांत खेड्यात त्याने राहते घर घ्यायचे ठरवले आहे. विटांचे घर, मागे थोडी बाग, समोर सायकलींची वाट. "गुरुजी, रात्री इथे आपल्या शेतातल्यासारखे शांत असते," असे तो फोनवर म्हणाला. तेथे बँक घराच्या किमतीइतके कर्ज देते; परंतु कर आणि दस्ताचा खर्च पदरचा, आणि चढाओढीत बोली त्या किमतीच्या वर गेली तर वरची रक्कमही पदरची. ती उभी करण्यासाठी कळंब तालुक्यातले त्याच्या आजोबांचे घर विकायचे ठरले. म्हणजे एका शांत खेड्यातले घर घ्यायचे म्हणून दुसऱ्या शांत खेड्यातले घर जाणार.

घर आपल्याकडच्या जुन्या घरांसारखेच आहे. दारातून आत शिरले की ढाळज, मग चौक, वर पांढऱ्या मातीचे माळवद, भिंतीत देवळ्या. आजोबा मृत्युपत्र न करता गेले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे या मुलाचे वडील आणि दोन आत्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव भावाचे. गिऱ्हाईक तयार आहे, त्याची अट एकच: दोघी बहिणींचे हक्कसोडपत्र आधी नोंदवून पाहिजे. त्या भाऊबीजेला येतीलच, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सह्या उरकाव्यात, असा बेत आहे. साक्षीदार म्हणून मला बोलावणे आले. थोरलीने फोनवरच होकार दिला. धाकटी म्हणाली, "सही कुठं करू ते दाव, दादा. पर पुढल्या दिवाळीला म्या कुठं येऊ?" भाऊ हसला. लाडिक तक्रार आहे, असे घरातल्या सगळ्यांनी धरले. मला तो सरळ प्रश्न वाटला, आणि त्याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

कायद्याने हा प्रश्न फार वर्षे टोलवला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वारस केले खरे, पण घराच्या उंबरठ्यापाशी तिला अडवले. त्याचे तेविसावे कलम असे होते की, कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस स्वतः वाटून घेईपर्यंत मुलीने मागू नये. त्या घरात राहण्याचा हक्कही कोणाला, तर अविवाहितेला, विधवेला, नवऱ्याने टाकलेलीला किंवा त्याच्यापासून वेगळी झालेलीला. सुखाने नांदणाऱ्या लेकीला तो नव्हता. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने बसवले, परंतु ज्यांची लग्ने आधी झाली होती त्यांना वगळून. २००५ साली केंद्राने मूळ कायदा दुरुस्त केला आणि ते तेविसावे कलम काढून टाकले. बाप २००५ साली हयात होता की नव्हता यावरचा वादही २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलींच्या बाजूने मिटवला. आज कागदावर तिघा भावंडांचा हिस्सा सारखा आहे. म्हणूनच तर हक्कसोडपत्र लागते! हक्क नसता, तर सोडायला कोण सांगते?

त्या पत्रात एक ठरीव वाक्य असते: कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. दडपण नसते, हे मला मान्य आहे. आपल्याकडचे भाऊ काही लाठ्या घेऊन उभे नसतात. पण 'मोबदला न घेता' हे मात्र खरे नाही. बहीण मोबदला घेते. तो रुपयांत नसतो, म्हणून दुय्यम निबंधकाला दिसत नाही. मोबदला म्हणजे माहेर. हिस्सा मागितला तर दार बंद होईल, हे कोणी बोलून दाखवत नाही; पण शेजारच्या एखाद्या लेकीने मागितला आणि तिची चोळीबांगडी कायमची बंद झाली, हे तिने पाहिलेले असते. मग ती मनात सौदा करते. भिंती तुझ्या, दार माझे. वर्षातून चार दिवस मी येईन, पाटावर बसेन, माझ्या लेकरांना मामाचे घर असेल. आणि सासरी कधी पाय ठरेनासा झाला, तर परत यायला एक उंबरठा असेल.

हा सौदा चांगला की वाईट, यावर पुष्कळ बोलता येईल. माझ्या मते तो बहिणीला महागात पडतो. पण तो झाला आहे, एवढे तरी भावाने मानले पाहिजे. आणि झाला असेल, तर भाऊ जेव्हा तेच घर विकतो, तेव्हा काय होते? जी वस्तू द्यायची म्हणून त्याने तिचा हिस्सा घेतला, ती वस्तूच तो परत घेतो, आणि हिस्साही ठेवून घेतो. वाण्याने आगाऊ पैसे घेऊन दुकान बंद केले तर आपण त्याला काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

भावाची बाजूही लंगडी नाही. आईबापांचे आजारपण त्याने काढले. दरसाल पावसाआधी माळवदावर माती त्याने टाकली. बहिणींच्या लग्नांचे कर्ज फेडता फेडता त्याचे केस पांढरे झाले. हे सगळे मोलाचे आहे आणि हिशेबात धरलेच पाहिजे. पण हिशेबात धरायचे तर आधी हिशेब मांडावा लागतो. आपण तो मांडतच नाही. 'घरच्या घरात कसला हिशेब' म्हणतो आणि सगळी रक्कम एका बाजूला लिहून मोकळे होतो. शिवाय लग्नाच्या खर्चाला हिस्सा म्हणायचे, तर तो हिस्सा व्याह्यांच्या हाती गेला. मुलीच्या हाती काय आले, ते तिला विचारावे.

कोणी म्हणेल, माहेर भिंतींत नसते, माणसांत असते. हे खरे आहे, आणि याचा पुरावा आमच्याच जिल्ह्याने दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूरच्या बाजूला मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती माळवदांसकट माणसांवर आल्या. हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मानाने अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरे, सरळ रेषेत आखलेले रस्ते. ढाळज नाही, चौक नाही. तरी ज्यांची माणसे वाचली, त्या लेकी त्या अनोळखी घरांतही दिवाळीला आल्या आणि ती घरे माहेर झाली. माहेर हलते, यात शंका नाही. पण ते गावाच्या जुन्या शिवेपासून नव्या शिवेपर्यंत हलले होते. हॉलंडात हललेल्या माहेरी आत्याने भाऊबीजेला व्हिसा काढून जायचे काय? भाऊ-भावजय लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहणार आहेत. तेथे ती जाईल, ओवाळील आणि संध्याकाळच्या एसटीने परत फिरेल.

मुलाने स्वतःच्या घराबद्दल सांगितले, त्यातल्या दोन गोष्टी मला येथे आठवतात. तेथे राहते घर घेणाऱ्याला करारावर सही झाल्यावरही तीन दिवस मिळतात. मन फिरले तर त्याने कारण न देता मागे यावे. (आमच्या आत्याला संगणकापुढे फोटो आणि अंगठा होईपर्यंतचा वेळ मिळतो, तोही रांगेत!) दुसरी गोष्ट वारशाची. २००३ पासून तेथे असा नियम आहे की, नवरा किंवा बायको मृत्युपत्र न करता गेली, तर घरदार सगळे मागे राहिलेल्या जोडीदाराकडे जाते. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडावे लागत नाही. पण प्रत्येक मुलाचा, मुलगा असो की मुलगी, वाटा पैशांत देणे म्हणून धरला जातो आणि सहसा त्या जोडीदाराच्या मागे तो फेडला जातो. तिकडचे सगळे चांगले असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण घर अखंड राहते आणि देणेही बुडत नाही, ही तोड मला शहाणपणाची वाटते. आपण घर अखंड ठेवण्यासाठी देणेच पुसून टाकतो.

मुलाला मी हेच कळवले: तुझ्या विटांच्या घरात आत्यांच्या विटा किती, हे मोजून घे. तो समजूतदार आहे. वडिलांशी बोलतो म्हणाला. वडील अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

राहिला गावातले घर घेणारा. त्याचा वकील त्याला सांगतो, सह्या झाल्या म्हणजे झाले, पुढचे विचारू नका. पण या व्यवहारात पैसे त्याच्याच हातात आहेत, आणि त्याला हक्कसोडपत्र मागण्याची गरजही नाही. खरेदीखतात 'लिहून घेणार' म्हणून त्याचे नाव येते, 'लिहून देणार' म्हणून विकणाऱ्यांचे. तेथे एका भावाऐवजी तिघा भावंडांची नावे घातली, तर मालकी तितकीच पक्की होते आणि धनादेश तीन निघतात. मग ज्या बहिणीला आपला धनादेश भावाला द्यावासा वाटेल, तिने तो घरी जाऊन, दोन दिवस उशाशी ठेवून, मग द्यावा. मी साक्षीदार म्हणून सही करायला तयार आहे, ती अशा कागदावर. तसे मी कळवले आहे.