गुणानुक्रम

हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीत १८१७ साली सिल्व्हेनस थेअर प्रमुख म्हणून आले आणि गुणानुक्रमाची शिस्त रुजली. फळ्यासमोर उभे राहून रोज उत्तरे द्यायची, रोज गुण घ्यायचे. गणिताचे पारडे सर्वांत जड. चार वर्षांच्या बेरजेतून यादी तयार होई. वरची मुले इंजिनिअर दलात जात, त्याखालची तोफखान्यात आणि शेवटची बहुधा पायदळात किंवा घोडदळात.

ही वाटणी वाचताना मी दर वेळी अडखळतो. हुशार मुलांना देशाने धक्के, किल्ले, नद्यांचे प्रवाह सोपवले. गोळीच्या सर्वांत जवळ उभे राहायचे काम यादीच्या तळाला गेले. १८४६ च्या तुकडीत ५९ पैकी ५९ वा आलेला जॉर्ज पिकेट पायदळात गेला. १८६३ मध्ये अमेरिकी गृहयुद्धात गेटिसबर्गच्या उघड्या माळावर त्याची निम्म्याहून अधिक डिव्हिजन कापली गेली. त्या चढाईचा हुकूम देणारा रॉबर्ट ली १८२९ च्या तुकडीत दुसरा होता. चार वर्षांत त्याच्या नावावर शिस्तभंगाची एकही नोंद नव्हती.

युलिसिस ग्रँट १८४३ मध्ये ३९ जणांत २१ वा आला. घोड्यावर त्याच्या तोडीचा कुणी नव्हता, तरी घोडदळाची त्याची पहिली पसंती हुकली आणि तो पायदळात गेला. मेक्सिकोच्या युद्धात त्याच्याकडे रसदीचे काम आले. खेचरे, गाड्या, शिधा यांचा तो हिशेब पुढे गृहयुद्धातल्या व्हिक्सबर्गच्या मोहिमेत कामी आला, असे मला वाटते. पण म्हणून तळाच्या मुलांचा उगाच गौरव करू नये. १८६१ च्या तुकडीत अखेरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या जॉर्ज कस्टरच्या उतावळेपणाने १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला.

लीच्या तुकडीत पहिला कोण होता, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. त्याचे नाव चार्ल्स मेसन. त्याला इंजिनिअर दल मिळाले. दोन वर्षांत त्याने राजीनामा दिला. वकील झाला, मग आयोवा प्रदेशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश. १८३९ साली मिसूरीतल्या एका मालकाने राल्फ नावाच्या गुलामावर हक्क सांगितला, तेव्हा मेसनने निकाल दिला : राल्फ स्वतंत्र आहे.

बावीस वर्षांनी गुलामी टिकवण्यासाठी फुटलेल्या राज्यांच्या बाजूने दुसरा क्रमांक उभा राहिला.