जोडी आणि भोवताल

पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो. पलीकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींशी काटकोनात. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, की त्यातून उठलेल्या लहरींनी या भुजांच्या लांबीत प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो. तो टिपायचा.

पण ती दोघं इतकी जवळ येतात कशी? लांबच्या अंतरावर गुरुत्वीय लहरींचा जोर चालत नाही. नुसत्या त्यांच्या भरवशावर बसलं तर विश्वाचं वयही पुरणार नाही. एक शक्यता दीर्घिकांच्या केंद्रात आहे. तिथल्या महाकाय कृष्णविवराभोवती वायूची तबकडी फिरत असते. लहान कृष्णविवरं तिच्यातून आरपार जाताना दर खेपेला थोडा वेग गमावतात, शेवटी तबकडीतच रुततात आणि तिथे त्यांच्या जोड्या जमतात.

पुढे वायू त्यांना जवळच आणणार, असं बरीच वर्षं गृहीत होतं. संगणकावरची प्रारूपं मात्र वेगळं सांगू लागली. जोडी तबकडीच्या उलट दिशेने फिरत असेल, तर वायू तिला बहुधा आवळतो. त्याच दिशेने फिरत असेल, तर वायूचं तापमान आणि तबकडीची जाडी पाहावी लागते. काही वेळा वायूच दोघांना दूर लोटतो.

तबकडीकडे बोट दाखवणारी एक घटना आहे. २१ मे २०१९ रोजी टिपलेल्या लहरींमागे सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांइतक्या वस्तुमानाची कृष्णविवरं होती. एकट्या ताऱ्यातून ८५चं कृष्णविवर घडणं अवघड. ते आधीच्या विलीनीकरणातून आलं असावं, आणि असे वारंवार मेळ तबकडीत सहज जमू शकतात. कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीला एका क्वेसारमध्ये, म्हणजे अशीच तबकडी असलेल्या झगझगीत दीर्घिका-केंद्रात, दिसलेली चमक या घटनेशी जोडली गेली. ती जोडणी बरोबर आहे का, हा वाद अजून मिटलेला नाही.

दोघांचं गणित सुटसुटीत असतं, म्हणून भोवताल किरकोळीत काढायची आपल्याला सवय आहे. विदर्भातल्या कर्जाची चर्चा अनेकदा शेतकरी आणि सावकार या दोघांवरच थांबते. पाऊस आणि कापसाचा भाव बाहेर राहतात. इथे तर किरकोळ समजलेला वायूच जोडीचं भवितव्य ठरवतो.

अशी लहर आकाशात नेमकी कुठून आली, हे लायगो-इंडियामुळे अधिक अचूक कळेल आणि तबकडीचा सिद्धांत कसाला लागेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद-उमरखेडच्या महाविद्यालयांनी भौतिकशास्त्राची मुलं या कामासाठी आतापासून तयार करावीत. वेधशाळा नदीपलीकडे आहे, परकी नाही.