मारणारा, तारणारा आणि पाळणारा

सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी कधी ना कधी ऐकलेली असते. देवदत्त उडत्या हंसाला बाण मारतो, हंस सिद्धार्थासमोर पडतो, सिद्धार्थ बाण काढून जखम धुतो. मग हंस कुणाचा यावर वाद होतो. निवाडा असा लागतो, की मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा हक्क मोठा. गोष्ट संपते. परीक्षेत तात्पर्य लिहायला एवढं पुरतं.

माझी शंका त्या पुढची आहे. गोष्टीतला हंस रानातला आहे. बरा झाला की तो उडून जाणार. सिद्धार्थाची करुणा खरीच, पण जखम भरली की त्याचं काम संपलं. जो हंस उडून जाऊच शकत नाही, त्याचं काय करायचं? मारणारा आणि तारणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस असतो, पाळणारा. त्याचा खटला त्या दरबारात कधी आलाच नाही.

आमच्या घरात तो सध्या चालू आहे.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्यापासून जवळच. नऊ वर्षांपूर्वी आईने हंसांची पाच पिल्लं आणली, मशीनमध्ये उबवलेली, दोन दिवसांची. गावात कुणी त्यांना राजहंस म्हणतं, कुणी नुसतं पांढरी बदकं. चोचीच्या मुळाशी गाठ असलेली ही चिनी जात. आणली ती हौस म्हणून नाही, राखणीसाठी. हंसाची नजर आणि कान दोन्ही तिखट. रात्री अनोळखी पाऊल वाजलं, कुत्रं शिरलं, की असा कलकलाट करतात की झोपेचं सोंग घेणारासुद्धा उठतो. पाचातली दोन भटक्या कुत्र्यांनी नेली. आता एक नर आणि दोन माद्या आहेत. नराचं नाव फौजदार.

गेल्या वर्षी दादाने शेडवर आणि फाटकावर कॅमेरे बसवले. आता काही हललं की पुण्यात बसलेल्या माझ्या फोनवरसुद्धा सूचना येते. वहिनी आईला एवढंच म्हणाली, "आता कॅमेरे आहेत ना आई, मग ह्यांचं काय काम?" तिचा प्रश्न वाजवी आहे. हंस खातात भरपूर, घाण त्याहून जास्त करतात, आणि फौजदार वाटेवरच्या पोरांच्या पोटऱ्यांना चावतो. गावातल्या कोंबड्या गोळा करणाऱ्या माणसाने तिघांचे पैसेही सांगितले आहेत.

काम संपलं की नातं संपतं का? हा प्रश्न हंसांच्या बाबतीत बराच जुना आहे. परंपरेनुसार इसवी सनापूर्वी 390 मध्ये गॉल लोकांनी रोमला वेढा घातला. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो, की रात्री शत्रू कॅपिटोलच्या टेकडीवर चढत होता तेव्हा पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही, कुत्री गप्प होती, आणि जूनो देवीच्या हंसांनी आरडाओरडा करून सैनिकांना उठवलं. वेढ्यात अन्नाचे हाल असूनही रोमन लोकांनी ते हंस खाल्ले नव्हते, कारण ते देवीचे होते. पुढे या उपकाराची आठवण म्हणून रोममध्ये हंसाची मिरवणूक निघायची. त्याच रोममध्ये श्रीमंतांच्या घरी हंसांना अंजीर चारचारून त्यांची यकृतं फुगवली जात आणि चवीने खाल्ली जात. मिरवणुकीतल्या हंसाला मान होता, ताटातल्याला नव्हता. रोमन ढोंगी होते असं म्हणून हे सोडून देता येईल, पण मला त्यात आपलीच रीत दिसते. आपली कृतज्ञता एखाद्या प्राण्याच्या वाट्याला येते, त्याच्या जातीच्या वाट्याला येत नाही.

अलीकडचं उदाहरण स्कॉटलंडचं. डंबार्टन इथल्या बॅलंटाइन व्हिस्कीच्या गोदामांवर 1959 पासून पांढऱ्या चिनी हंसांचा पहारा होता. आमच्या फौजदाराचेच भाऊबंद म्हणायचे. पन्नासेक वर्षांनी, 2012 मध्ये, तो पहारा बंद झाला आणि जागा कॅमेऱ्यांनी घेतली. जगभर ज्या कारणाने पहारेकरी जातात त्याच कारणाने आमचेही चालले आहेत. माणसाच्या बाबतीत निदान पेन्शन, ग्रॅच्युइटी असे शब्द तरी आहेत. त्यांच्यामागची कल्पना अशी, की कामाचे पैसे त्या त्या महिन्याला चुकते केले तरी आयुष्यातली वर्षं घेतल्याचं काही देणं उरतं. हंसाने तर पगारही मागितला नव्हता.

इथे हुशार माणूस अडवतो. मागितला नव्हता, कारण त्याला मागता येत नाही, त्याला काही कळतच नाही. तो तुमच्या आईच्या मागे फिरतो ते प्रेम नव्हे, यंत्रणा आहे. हे म्हणणं पोकळ नाही. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने रानहंसांची पिल्लं स्वतः वाढवली आणि दाखवून दिलं, की अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसतं, त्यालाच पिल्लू आई मानतं. मग तो दाढीवाला माणूस असला तरी चालतो. 1973 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आमची पिल्लंही अशीच आईच्या मागे लागली. ती विहिरीवर गेली की रांग विहिरीवर, ती देवळात गेली की रांग पारापर्यंत. पिल्लांनी तिची निवड केली नव्हती. खोक्यातून काढल्यावर पुढे ती होती, इतकंच.

पण निवड नव्हती म्हणून देणं नाही, हे मला उलटं वाटतं. माणसाचं बाळसुद्धा आई निवडत नाही. जवळ घेतल्यावर ते शांत होतं तेही शरीराच्या यंत्रणेमुळेच. ज्याला निवड असते तो आपल्या निवडीचा थोडा भार स्वतः उचलतो. ज्याला नसते, त्याचा सगळा भार निवडणाऱ्यावर येतो. खोकं आम्ही उघडलं होतं.

याच लोरेन्झची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1938 मध्ये तो नाझी पक्षात गेला. रानटी प्राणी अस्सल, पाळीव प्राणी बिघडलेले, आणि सुधारलेल्या समाजातला माणूसही असाच बिघडत जातो, हा विचार त्याने त्या काळात वंशशुद्धीच्या राजकारणाला जोडून लिहिला. पुढे त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. पण पाळीवपणाबद्दलची ती तुच्छता आपल्यातही सौम्य रूपात असते. हिवाळ्यात उजनीवर पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे रानहंस हिमालय ओलांडून आलेले असतात. त्यांच्यासाठी लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन भिगवणला येतात. जुन्या साहित्यातला हंस हाच असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. त्यातले काही पाहुणे आमच्या फाटकाशी थांबतात, फौजदाराची फेंगडी चाल बघून हसतात आणि पुढे जातात. एकाने सुचवलंही, "एवढं पाणी जवळ आहे, सोडून द्या ना तिकडे. मोकळे होतील."

मोकळे होणार नाहीत, मरतील. शेकडो पिढ्या माणसाने त्यांना वजनासाठी आणि अंड्यांसाठी वाढवलं. आमच्या हंसांना पाच-पन्नास फूट फडफडत धावण्यापलीकडे उडता येत नाही. काठावरची कुत्री पहिल्याच रात्री काम उरकतील. सिद्धार्थाला जे करता आलं ते आम्हाला करता येत नाही. त्याच्या हंसाला आकाश होतं. आमच्या हंसाचं आकाश माणसाने कधीच काढून घेतलंय, त्यामुळे त्याला 'मुक्त' करणं हे टाकून देण्याचं गोड नाव आहे. लॉकडाउनमध्ये आणलेली आणि नंतर रस्त्यावर सोडलेली कुत्री ज्यांनी बघितली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र आईच्या जावेचा, म्हणजे माझ्या काकूचा. ती म्हणते, "कोंबडी कापताना नाही आठवत तुला हे सगळं?" आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजते आणि मीही जेवतो. कोंबडीचीही वाट माणसानेच बंद केलेली आहे. आईचं यावरचं उत्तर साधं आहे: ज्याला नाव ठेवलं त्याला आपण कापत नाही. गावोगावी हाच नियम चालतो आणि माणसं त्यातल्या त्यात बरी वागतात. पण नाव ठेवणं ही आमची लहर. ज्याचा जीव जायचा त्याचा त्यात काय दोष? काकूचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझं म्हणणं इतकंच, की कोंबडीच्या बाबतीत मी विसंगत आहे यावरून फौजदारालाही विकावं असं निघत नाही. कोंबडीचा प्रश्न उघडा राहतो, इतकंच निघतं. 2014 मध्ये भारताने यकृत फुगवून केलेल्या त्या पदार्थाची, फ्वा ग्राची, आयात बंद केली तेव्हा आपल्याला ते सोपं गेलं, कारण आपल्यापैकी जवळजवळ कुणीच तो खात नव्हतं.

आणि खर्चाचं काय? हंसाचं देणं मोठ्या तोंडाने बोलायला मला परवडतं, कारण तिघांना लागतो तो थोडा मका, कोंडा, आणि बांधावरचं गवत. बैलाचं तसं नाही. 2015 पासून महाराष्ट्रात बैल कापायला कायद्याने बंदी आहे. बेंदराला ज्याच्या शिंगांना रंग लावला तो बैल थकल्यावर त्याला कसायाकडे पाठवू नये, ही भावना शेतकऱ्याला नवी नाही. पण दुष्काळी वर्षात चाऱ्याचा भाव त्या भावनेकडे बघत नाही. देणं एकाचं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, असं झालं की त्या नीतीला अर्थ राहत नाही. म्हणून मी दादा-वहिनीला 'हंस ठेवलेच पाहिजेत' असं पुण्यात बसून सांगू शकत नाही. शेड वहिनी झाडते. या महिन्यापासून खाद्याचे पैसे मी पाठवतो, आणि शेड झाडायला एक बाई लावली आहे तिचेही. हे केल्यावरच मला या वादात बोलायचा हक्क आला असं वाटतं.

मराठीत 'पाळणं' हे क्रियापद दोन ठिकाणी येतं. आपण जनावर पाळतो आणि शब्दही पाळतो. मी भाषेचा अभ्यासक नाही, पण मला हा योगायोग वाटत नाही. शब्द पाळायचा प्रश्न येतो तो पाळणं गैरसोयीचं होतं तेव्हाच, सोय असेपर्यंत कुणाचाही शब्द टिकतो. जनावराला दिलेला शब्द तर तोंडाने दिलेलाही नसतो. त्याच्या बाकीच्या वाटा बंद करून त्याला फक्त आपल्याकडे यायला लावलं, त्या दिवशी तो दिला जातो. साक्षीदार नसतो. मोडला तर फौजदार तक्रार करणार नाही, कोंबडीवाल्याच्या टोपलीतही तो एखादवेळी नेहमीसारखाच मान वर करून बसेल. जाब विचारणारा कुणी नाही, म्हणूनच तो शब्द आहे की नाही हे फक्त आमच्यावर अवलंबून आहे.

तिघं राहणार, असं सध्या ठरलंय. पोरांच्या पोटऱ्यांसाठी वाटेच्या बाजूने जाळी मारली आहे. हंस नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो, म्हणजे मी चाळिशी ओलांडेपर्यंत हा खर्च माझ्या नावावर असू शकतो. आता पाळणाऱ्याच्या वाट्याला एकच नावडतं काम उरतं. माद्या अजून दरवर्षी काही आठवडे अंडी देतात आणि पेंढ्यात बसून उबवायला लागतात. त्यातून पिल्लं निघाली तर आणखी पाच-सात शब्द द्यावे लागतील, आणि तेवढे पाळण्याची आमची ऐपत नाही. म्हणून रोज सकाळी आई त्यांना मका टाकते, आणि त्या उठून खायला गेल्या की मागून हात घालून अंडं काढून घेते.