घरच्या कष्टाचा हिशेब

"घरचेच तर काम आहे, त्याचा हिशेब कसला मांडायचा?" हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणे बोलले जाते की ते बरोबर की चूक, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. बोलणारा मनुष्य वाईट नसतो. घर म्हणजे दुकान नव्हे आणि आई म्हणजे मजूर नव्हे, एवढेच त्याला सांगायचे असते. आणि ते खरेच आहे. परंतु घरातच जेव्हा दुकान येते, ज्या ओट्यावर मुलांचा डबा भरला जातो त्याच ओट्यावर विक्रीचा माल तयार होऊ लागतो, तेव्हा हे वाक्य पुन्हा तपासून पाहावे लागते. प्रेमाने केलेल्या कामाचे मोल मागावे काय? आणि ते कोणी मागितले नाही, तर देणाऱ्याची जबाबदारी संपते काय? ह्या प्रश्नाचा वाचकांसमवेत थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

उदाहरणासाठी आम्ही नानकटाईचा घरगुती धंदा घेतो. नानकटाई आपल्या लोकांना नवी नाही. पूर्वी दिवाळी किंवा नाताळ जवळ आला की घरचा मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे, रांगेत थांबून भट्टीतून भाजून आणायची आणि पत्र्याचा डबा भरून ठेवायचा, ही पुष्कळ घरांची रीत होती. पुढे विजेच्या भट्ट्या घरांत आल्या आणि जी वस्तू सणाला करायची ती बारा महिने करून विकता येऊ लागली. भांडवल थोडे लागते, घर सोडून जावे लागत नाही आणि हाताला चव असली की गिऱ्हाईक आपणहून येते. म्हणून विधवा भगिनी, नवऱ्याचा कारखाना बंद पडलेली गृहिणी, पदवी घेऊन नोकरीची वाट पाहणारी मुलगी, अशांना हा मार्ग जवळचा वाटतो. आम्ही हा धंदा मानाचा समजतो. नीतिसूत्रांच्या अखेरच्या अध्यायात जिची स्तुती केली आहे ती सद्गुणी स्त्रीदेखील घरी वस्त्रे करून व्यापाऱ्यांना विकणारीच होती.

भेटीगाठींच्या निमित्ताने अशा घरांत आमचे जाणे होते. दिवाळीपासून नाताळापर्यंतचे दिवस असतील तर बैठकीच्या खोलीत बसायला जागा नसते. खुर्च्यांवर परातीत नानकटाई निवत ठेवलेली असते. पिठीसाखर उडू नये म्हणून पंखा बंद. वेलची-जायफळाचा वास जिन्यापर्यंत येतो. सासूबाई वजनकाट्यापाशी, दहावीतली मुलगी पुस्तक मांडीवर ठेवून पिशव्यांना चिठ्ठ्या चिकटवीत आहे, यजमान स्कूटरवरून माल पोहोचवायला गेलेले. मध्येच वीज जाते आणि भट्टीतला थाळा अर्धवट राहतो. अखंड नानकटाई पिशवीत जाते, फुटलेली घरच्यांच्या बशीत. रात्री स्वयंपाकाला वेळ उरत नाही म्हणून पाव आणला जातो. असे घर पाहून आम्हांला कौतुकच वाटते. सगळे एका कामाला लागलेले, कोणी रिकामे नाही, कोणी कुरकुरत नाही. पण कुरकुर ऐकू येत नाही म्हणजे ती नाहीच, असे मात्र समजू नये.

आता थोडा हिशेब करू. एक किलो मैदा, ६०० ग्रॅम तूप, ६०० ग्रॅम पिठीसाखर. एवढ्यात सुमारे दोन किलो माल होतो, म्हणजे पंचाहत्तरएक नग. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसायची, मैदा चाळायचा, मळून गोळे करायचे, घरच्या लहान भट्टीत चार-पाच खेपांनी भाजायचे, निववायचे, तोलायचे, भरायचे. समजा, ह्यात घरच्या बाईचे चार तास गेले आणि सासूबाईंचे दोन. विक्रीतून सामान व वीज वजा जाता ३०० रुपये उरले. घरात आनंद होतो, "तीनशे रुपये नफा झाला!" पण सहा तासांना तीनशे म्हणजे ताशी पन्नास. हा नफा नव्हे, वाचकहो. ही त्या दोघींची मजुरी आहे, तीही बेताचीच. नफा अजून झालेलाच नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून किलोमागे चाळीस रुपये सोडले, तर दोन किलोंचे ऐंशी रुपये कोणी सोडले? मैदेवाल्याने पैसाही सोडला नाही, वीज कंपनीने सोडला नाही. ते त्या दोघींच्या हातांनी सोडले, आणि बहुधा त्यांना न विचारता.

ही गोष्ट एखाद्या घरापुरती नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशातील लोक दिवसाचा वेळ कसा घालवितात ह्याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि त्यात हात घालणाऱ्या पुरुषाची ९७, असे तिच्यात आढळले. म्हणजे नानकटाईचे चार तास हे रिकाम्या दिवसातले नसतात. सुमारे पाच तासांच्या कामावर ते चढविलेले असतात. सरकारच्या श्रमविषयक पाहणीत तर घरच्या धंद्यात मदत करणाऱ्या, पण पगार न घेणाऱ्या माणसांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. सरकारने त्यांची नोंद केली. घराने ती केली आहे काय?

येथे कोणी म्हणेल, "तुम्ही घराचा बाजार करायला निघालात. आई मुलाला ताप आला म्हणून रात्रभर जागते, तिला जागरणाचे पैसे द्यायचे काय? प्रेम मोजले की ते प्रेम राहत नाही." ही हरकत हलकी नाही. आम्हीही मानतो की प्रत्येक पेल्याला आणि प्रत्येक भाकरीला किंमत लावणारे घर हे घर नव्हेच. परंतु ह्या हरकतीत दोन निरनिराळ्या माणसांची कर्तव्ये एकत्र मिसळली आहेत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, ही प्रभूची शिकवण देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने आपल्याला काय मिळाले ते विसरून जावे, असे त्यात कोठेही सांगितलेले नाही. उलट, ज्यांनी कामकऱ्यांची मजुरी अडकवून ठेवली त्यांच्याविरुद्ध ती मजुरीच ओरडत आहे, असे याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावले आहे. आणि ते घेणाऱ्याला उद्देशून आहे. देणाऱ्याने मोजू नये, घेणाऱ्याने विसरू नये. घरातला बिघाड होतो तो हे उलटे झाले म्हणजे: घेणारा निश्चिंतपणे विसरतो आणि देणारी मनातल्या मनात मोजू लागते.

मग प्रेमाचे काम आणि लादलेले काम ह्यांत भेद कसा ओळखावा? दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. तोच ओटा, तीच परात, तेच हात. आमच्या मते कसोटी एकच आहे. त्या माणसाला "आज नको" असे म्हणता येते काय? जे नाकारता आले असते तेच देणगी ठरते. जे नाकारताच येत नाही ते कितीही गोड बोलून घेतले तरी वसुलीच. पौलाने फिलेमोनाला पत्र लिहिले तेव्हा अनेसिमाला आपल्याजवळ ठेवून घेणे त्याला सहज शक्य होते. पण फिलेमोनाच्या संमतीवाचून त्याने ते केले नाही. त्याचा चांगुलपणा भाग पाडून घेतलेला नसावा, खुशीचा असावा, अशी पौलाची इच्छा होती. प्रेषिताने जी काळजी मित्राच्या बाबतीत घेतली, ती आपण आपल्या सुनेच्या आणि मुलीच्या बाबतीत घेऊ नये काय?

मुलांविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्याची बंदी सर्वत्र लागू झाली. मात्र शाळेनंतर किंवा सुट्टीत, धोक्याचे नसलेले काम करून घरच्या धंद्याला मदत करण्याची मुभा ठेवली गेली. कायद्याने दार उघडे ठेवले ते घरावर विश्वास ठेवून. तो विश्वास सांभाळणे आपले काम आहे. मुलाने आईला हात लावावा, त्यातून कष्टाची किंमत शिकावी, हे चांगले. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी "एवढ्या पिशव्या भर आणि मग अभ्यास कर" असे सांगितले जाते, तेव्हा त्या मुलाने काय शिकावे? आणि "नको" म्हटल्यावर दोन दिवस घरात अबोला राहत असेल, तर ती मुभा कागदावरचीच समजावी.

दुसऱ्या राजांच्या चवथ्या अध्यायातील विधवेची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून नेणार होता. अलीशाच्या सांगण्यावरून तिने शेजाऱ्यांची रिकामी भांडी मागून आणली, दार लावून घेतले, मुलांनी भांडी पुढे केली आणि ती तेल ओतीत गेली. हा घरगुती धंदाच होता, आणि त्यात मुलांचेही हात होते. पण तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. मुलांचे ते काम त्यांच्याच सुटकेसाठी होते. भांडी संपली तेव्हा तेलही थांबले. कामाला सीमा होती. आणि तेल विकून कर्ज फेड, उरेल त्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा, असे संदेष्ट्याने तिला सांगितले. म्हणजे चमत्कारानंतरही हिशेब राहिलाच. शिवाय पैसा जिने तेल ओतले तिच्याच हाती राहिला.

सीमेविषयी आणखी थोडे. कारखान्याला भोंगा असतो, घराला नसतो. रात्री दहाला गिऱ्हाइकाचा फोन येतो आणि "उद्या सकाळी दोन किलो हवी" म्हटले की दिवा पुन्हा लागतो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील विसाव्याची आज्ञा पाहावी. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, वेशीच्या आतला उपरा, सर्वांची नावे तेथे आहेत. पत्नीचे नाव निराळे नाही. ज्याला आज्ञा दिली त्या "तू" मध्येच ती आली, असा अर्थ घ्यायचा. आणि तोच योग्य आहे. परंतु आपल्या पुष्कळ घरांत ती त्या "तू" मध्येही नसते आणि यादीतही नसते. रविवारी भट्टी बंद राहते, आणि आठवड्याभराचे साठलेले धुणे मात्र तिच्यासाठी उघडे असते.

हिशेब ठेवल्याने घर मोडते काय, ह्याचे उत्तर अनुभवातूनही मिळते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. तिच्या भगिनी मळलेले पीठ घरी नेतात, घरीच लाटतात आणि पापड आणून दिले की तोलून त्यांची मजुरी दिली जाते. प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदारही असते. काम घरातले, वेळ आपल्या सोयीचा, तरी मजुरी स्पष्ट. त्यामुळे त्यांच्या घरांचा बाजार झाला नाही.

ह्यात शेजारधर्मही आहे. आपल्या घरचे श्रम फुकट धरून आपण माल स्वस्त विकला, तर पलीकडच्या गल्लीत ह्याच धंद्यावर भाडे आणि मुलांची फी भागविणाऱ्या भगिनीचे गिऱ्हाईक तुटते. तिने तरी आपले श्रम फुकट कसे धरावे? खोटी वजने वापरू नयेत, असे शास्त्रात वारंवार सांगितले आहे. किंमत हेही एक वजनच आहे. तिच्यात कोणाचे कष्ट धरलेले नसतील, तर काटा बरोबर असूनही तोल खोटाच.

तेव्हा करावे काय? आमच्या मते फार मोठे काही नको. घरात एक वही असावी आणि तीत सामानाबरोबर प्रत्येकाचे तासही लिहावे. किंमत ठरविताना ते धरावे. जिच्या हाताने माल होतो तिच्या नावाने बँकेत खाते असावे आणि तिचा वाटा तेथे जावा. तो पुन्हा घरासाठी खर्च करायचा की नाही, हे तिने ठरवावे. ती बहुधा घरासाठीच खर्च करील. पण आता ते देणे असेल, आणि घरच्यांना ते देणे म्हणून दिसेल. संध्याकाळची एक वेळ ठरवून तिच्यापुढे काम घेऊ नये. रविवारचा विसावा भट्टीबरोबर त्या हातांनाही मिळावा. धुणे-भांडी त्या दिवशी पुरुषांनी करावी.

आणि नाताळात शेजाऱ्यांकडे जे ताट जाते, त्याची नोंद वहीत करू नये. त्या ताटात फुटलेली नानकटाई घालू नये, अखंडच घालावी. त्यातली थोडी घरच्यांच्या बशीतही यावी. हिशेब चोख असलेल्या घरालाच असे मोकळ्या हाताने देता येते. काय विकले आणि काय दिले, हे त्याला ठाऊक असते.